पहिलं नाव काय?

आखाडा बाळापूर,
ता. १४ मार्च २००३

तीर्थस्वरूप शिवहारदादास,

धाकट्या बहिणीचा दोन्ही हात जोडून नमस्कार. वहिनीची कंबर कशी आहे? (घागर उचलू देऊ नका, तुमी उचला.) इकडं तुमचे पाव्हणे, मेंढरं आणि सासूबाई खुशाल आहेत. मी मात्र एकाची दोन झाले. वहिनीला भलतंच सांगू नका, पेढे वाटून बसतील. हे कॉलेजातल्या काम्पुटरनं केलंय.

बाहेरून बारावी काढून चौतिसाव्या वर्षी मी बी.ए.ला नाव घातलं, हे तुमाला ठावं आहेच. (त्यावर तुमी महिनाभर बोलला न्हाई, हे मलाबी ठावं आहे.) यंदा कॉलेजात सगळं काम्पुटरवर आलं. त्याला काचेची गार खोली. चपला बाहेर काढायच्या, देवळात काढाव्या तशा. आत बाबूसिंग क्लार्क बसतात. त्यांनी मान वर न करता विचारलं, पहिलं नाव? आता मला सांगा दादा, लग्न झालेल्या बाईला पहिलं नाव विचारलं तर ती काय सांगणार? लग्नाआधीचंच ना! मला तर माणूस मोठा जाणता वाटला, माहेरची चौकशी करून राहिला म्हणून. मी ठणकावून सांगितलं, चतुरा. मग मधलं नाव विचारलं, ते आपल्या बाबांचं, संतराम, सांगितलं. आडनाव सासरचं दिलं. झालं! काम्पुटरात एक बाई तयार झाली, जी ना माहेरी गोरेगावात होती ना सासरी बाळापुरात.

पण हजेरी अजून वहीतच लागते, आणि वहीत मी सासरच्या नावानं, रागिणी. वाचनालयाचं कार्ड निघालं काम्पुटरातून, म्हणून तिथं मी चतुरा. (मला काय त्याचं, दोन्ही नावांना ओ देते.) मागच्या आठवड्यात फळ्यावर दोन नोटिसा लागल्या. चतुरा वर्षभर गैरहजर, सबब परीक्षेला बसू देता येत न्हाई. रागिणी रोज हजर, पण काम्पुटरात असली बाईच न्हाई, सबब हॉलतिकीट न्हाई. परीक्षा पंचवीस तारखेला! म्हंजे एकीनं पुस्तकं वाचली, दुसरी वर्गात बसली, आणि पेपर दोघींनीबी द्यायचा न्हाई.

बाबूसिंग म्हणाले, काम्पुटर चुकत न्हाई बाई. मी म्हणाले, मग मीच चुकले, जन्माला आले ते! असा संताप आला दादा, पण रडले न्हाई. भाकरी बांधून घेतली आणि चपलांच्या ढिगाशेजारी बसले. चार दिवस. प्राचार्य येता-जाता विचारू लागले, ही बाई काहून बसली? शेवटी त्यांनी काचेच्या खोलीत बोलावलं (गार हवेनं शिंका आल्या) आणि सांगितलं, वीस तारखेच्या आत एक नाव ठरवा, त्याचा कागद दाखवा, दुसरीचं सगळं त्या नावावर करू. मी परीक्षेला बसणार म्हंजे बसणार. अभ्यास झालाय, इतिहास तर तोंडपाठ आहे.

थोरांना नमस्कार, लेकरांना गोड पापा.

तुमची,
चतुरा ऊर्फ रागिणी (फक्त वीस तारखेपर्यंत)

ता. क. - माझी दहावीची सनद तुमच्या पत्र्याच्या पेटीत आहे. निकाल लागला त्याच महिन्यात तुमी माझं लग्न लावलं, ती तिथंच राहिली. (बारावीला नकलेवर भागलं, इथं अस्सल लागते.) ती घेऊन या. पोस्टानं नको, स्वतः या. जीपनं हिंगोलीला या, पुढं बाळापूरची गाडी मिळते. तकलीफ होईल, होऊ द्या.

ता. क. दुसरं - पाव्हण्यांना विचारलं. ते म्हणाले, मी विकत आणलेल्या मेंढीचंबी नाव बदलत न्हाई, तुझं तर लग्नात माझ्या आईनं बदललं होतं. सासूबाईंनी दोन दिवस भांडी आदळली, मग आज म्हणाल्या, चतुरा, चहा ठेव.

ता. क. तिसरं - खरं सांगते, रागावू नका. मी चपलांपाशी बसले त्या पहिल्याच दिवशी बाबूसिंग म्हणाले होते, रेशनकार्ड दाखवा, आत्ता रागिणी करून देतो, पाच मिनिटांचं काम. पण अठरा वर्षांत कुणी मला नाव विचारलं आणि मी सांगितलं तेच लिहून घेतलं, असं पहिल्यांदाच झालं होतं. रेशनकार्ड चारही दिवस माझ्या पिशवीत होतं, दादा. मी काढलंच न्हाई.