फोटोतला चेहरा

बेंगळूर, १४ जून २०२५

क्षितिजराव,

आशीर्वाद लिहीत नाही. आज दुपारी तुमच्या आठ महिन्यांच्या आश्लेषाला बाळांच्या संशोधन केंद्रात नेलं. मेंदूच्या लहरी मोजणारी तारांची टोपी घालून तिला पडद्यावर चेहरे दाखवले.

बाळंतपणानंतर घरी अमृताला रक्तस्राव होत होता, तेव्हा तुम्ही फोनवर म्हणालात, "सर्जापूर रोडला आत्ता ट्रॅफिक असेल, मीटिंग संपू दे." माझी लेक गेली. तेव्हापासून मी बाळाला रोज तुमचा फोटो दाखवते आणि भेदरलेलं तोंड करते. रविवारी तुम्ही आलात की ती माझ्या कडेवर किंचाळते. तुम्ही म्हणता, "आई नाही ना, म्हणून." मी मान हलवते. मला बरं वाटतं.

आज शेवटी त्यांनी घरच्यांचे फोटो लावले. तुमचा आला. ती शांत बघत राहिली, मग हात पुढे केला. नंतर माझा आला, हसरा. ती ओठ काढून रडायला लागली.

"अक्का, घरी कोणी घाबरवतं का हिला?" तिथल्या पद्मावतीबाईंनी विचारलं.

मी नाही म्हटलं.

तुम्हाला माफी नाही. हे पत्रही पाठवणार नाही. मघाशी वेणी घालताना आरशात हसून पाहिलं. पुन्हा एकदा पाहिलं.

अमृताची आई