बुटांचं पोतं आणि दोन चौकोन

सर, जिमखान्यात तुमच्याच खुर्चीत बसून लिहितोय. समोर एक अर्ज आहे आणि त्यावर दोनच चौकोन: शहर विभाग, ग्रामीण विभाग. एकात खूण करून उद्या अकराच्या आत द्यायचा. चऱ्होलीच्या बाजूला आता चौदा-चौदा मजले उभे राहिलेत, तुम्ही ओळखणार नाही. विद्यापीठानं कॉलेजांच्या फुटबॉलचे विभाग नव्यानं आखायला घेतलेत आणि आपल्यासारख्या हद्दीवरच्या कॉलेजांनी आपण कुठं बसतो ते आपणच कळवायचं आहे. प्राचार्य म्हणाले, "तुम्हाला योग्य वाटेल ते करा." सकाळपासून तीन वेळा पेनाचं टोपण काढलं आणि परत लावलं.

तुम्हीही एकदा असाच अर्ज भरला होता. आम्ही तेव्हा शहरात खेळायचो आणि पहिल्याच सामन्यात सात गोल खाल्ले होते. गोलकीपर मी. पुढच्या वर्षी तुम्ही आम्हाला कुणालाही न विचारता कॉलेज ग्रामीणमध्ये नेलंत, आणि मी तणतणत तुमच्या घरी आलो. तुम्ही स्वयंपाकघरात फरशीवर बसून फाटके बूट शिवताय, काकू भाकरी थापताहेत आणि मी दारातच उभा राहून बोलतोय की शहरात निवड समितीचा माणूस माझं नाव विचारून गेला होता, तुम्ही माझं वाटोळं केलंत. काकूंचा हात थांबला. तुम्ही दोरा दातानं तोडलात आणि म्हणालात, "गोल झाला की गोलकीपरनं आधी स्वतःचे हात बघावेत. बॅकवर ओरडायचं नंतर." मग काकूंना माझं ताट वाढायला सांगितलंत. निघताना रबरी ठिपक्यांचे हातमोजे दिलेत, तुमच्या भावानं कंपनीतून आणलेले, लोखंड उचलायचे. ते घालून मी दोन वर्षं खेळलो, पण तुमच्याशी धड बोललो नाही.

ते बूट कशासाठी शिवत होतात ते मला नंतर कळलं. ग्रामीणमधल्या निम्म्या संघांकडे बूटच नव्हते. तुम्ही पोतं भरून न्यायचात. एक सामना संपला की खेळाडू बूट काढून रेषेजवळ ठेवायचे आणि पुढचा संघ आपापल्या मापाचे शोधून, पायात घालून मैदानात उतरायचा. एकदा तर आपलेच बूट घालून त्यांनी आपल्याला हरवलं, आणि तुम्ही हसत होतात. मला तेव्हा तुमचा भयंकर राग आला होता. ते पोतं अजून आहे, सर. बूट बदलले, पोतंही दोनदा बदललं, पण पुढची स्पर्धा ज्या कॉलेजात असेल तिथं ते आधी जाऊन पोचतं. यंदा आपल्याकडे आहे, कपाटामागे. बूट ओलेच भरलेत कुणीतरी, खोलीभर वास येतोय.

आता आपला मुलींचाही संघ आहे, तेवढं बघायला तुम्ही थांबला नाहीत. कॅप्टन रहाटणीहून येते. घर मूळचं परभणीकडचं, वडील चाकणला कंपनीत शिफ्टमध्ये. पायात बॉल असताना ही पोरगी मान वर ठेवून पळते. हे मी तिला शिकवलेलं नाही, मला ते कधी जमलंच नाही. परवा सरावानंतर म्हणाली, "सर, तिकडं शहरात हरलो तर हरलो. पण बघायला कुणी येतंय तरी. इथं आमाला बघायला म्हशी येतेत." मला हसू आलं आणि लगेच भीती वाटली, कारण तिचं हे शेवटचं वर्ष आहे.

दुसरीकडे जुन्नरच्या बाजूच्या एका कॉलेजच्या मॅडम. ग्रामीणमध्ये मुलींचे चारच संघ आहेत, आणि चाराला एक जरी कमी पडला तरी स्पर्धा भरत नाही, नुसती निवड चाचणी उरकतात. काल मॅडमचा फोन आला. "सर, तुमी गेलात तर आमी तिघंच ऱ्हातो. माझ्या पोरी वर्षातनं तीन मॅच खेळत्यात. त्या बी गेल्यावर त्यांना घरातनं कोण सोडतंय?" इकडे एक मुलगी, तिकडे तीन कॉलेजांच्या मुली. तुम्ही कुठं खूण केली असतीत ते मला माहीत आहे, म्हणूनच तुमच्या खुर्चीत बसवत नाहीये.

चारच्या सुमारास मी शहरावर खूण केली. रेघ चौकोनाबाहेर गेली. मग लगेच मॅडमना फोन लावला, त्यांना हे परिपत्रकातून कळायला नको होतं. त्या म्हणाल्या, "बरं. पोतं तेवढं हिकडं धाडा. आमी तिघं आपसात खेळू, त्याला स्पर्धा म्हना नायतर न्हाई." मी म्हटलं, रविवारी स्वतः आणून देतो. फोन ठेवल्यावरही बरोबर केलं असं वाटलं नाही. अजूनही वाटत नाही.

बूट बाहेर उन्हात वाळत ठेवलेत. हे पत्र त्या पोत्यातच टाकावं असं मनात आलं होतं, पण मॅडम वाचतील, म्हणून खणात राहू दे. तुम्ही मला शहरातून काढलंत म्हणून माझा खेळ संपला, असं मी बायकोला, मित्रांना, आपल्या पोरांनाही इतकी वर्षं सांगत आलो. या पोरीचं तसं होऊ नये म्हणून खूण केली, असंही उद्या सांगेन. तुम्हाला तरी खरं सांगतो. तो नाव विचारणारा माणूस निवड समितीचा नव्हता. मला पिवळं कार्ड मिळालं होतं आणि पंचांच्या मदतनीसाला वहीत नाव लिहायचं होतं. तुम्ही रेषेवर त्याच्या शेजारीच उभे होतात, सर. त्या दिवशी काकूंसमोर तुम्ही ते बोलला नाहीत.