पाचव्या गुणसूत्राच्या टोकाशी

४ फेब्रुवारी
आलो एकदाचे! टेम्पोतून आरसा सहीसलामत उतरला, यातच सगळं आलं. घर दोन खोल्यांचं, पण स्वयंपाकघरात भरपूर ऊन. लग्नाला अजून वर्षही नाही आणि नवरा माझ्यापायी गाव सोडून आला. त्याची चेष्टा चालूच: लोक जंतांवर औषध घेतात, तू पगार घेणार!

प्रयोगशाळेत खिडकीजवळचं टेबल मिळालं. आमचे जंत मातीतले, मिलिमीटरभर लांब, काचेसारखे आरपार दिसणारे. बशीत वाढतात, तीन-चार दिवसांत नवी पिढी. त्यांच्या एका जनुकाचा पत्ता मी शोधायचा: सहा गुणसूत्रांपैकी कोणत्या, आणि त्यावर नेमकं कुठे. ते जनुक बिघडलं की जंत पळायचं विसरतात. कशापासून, असं विचारलं. सर म्हणाले, कळेल.

बाकीची टेबलं माझ्यापासून जरा लांबच आहेत. नव्या सुनेला सासर असतंच असं. रुळेन.

९ फेब्रुवारी
माणसं तुसडी आहेत. मी चहाला गेले की कप अर्धे टाकून उठतात. जाड भिंगांमुळे जिला सगळे चष्मिस म्हणतात, तिने आज आपलं टेबल पार भिंतीपर्यंत ओढत नेलं. काही चुकलं का विचारलं, तर वर न बघता म्हणाली, वारा लागतो.

आणि एक गंमत. ते जनुक शाबूत असलेले धडधाकट जंत बशीत माझ्यापासून सर्वांत लांबच्या कडेला जमतात. बशी फिरवली, तर पुन्हा तिकडे. साबण बदलला, हातमोजे घातले. तेच. शिपायाला हात जवळ धरायला लावला, तर निवांत खात बसले. मी वाकले आणि पळापळ.

सरांना सांगितलं. ते दारातच उभे राहिले. अभिनंदन म्हणाले.

१७ फेब्रुवारी
सापडलं! न पळणाऱ्या बुटक्या जंतांचा धडधाकटांशी संकर केला. पिढ्यान्‌पिढ्या न पळणं आणि बुटकेपणा यांची ताटातूट जवळपास होतच नाही. म्हणजे दोन्ही जनुकं सख्खे शेजारी, आणि बुटकेपणाचा पत्ता आधीच माहीत होता: पाचव्या गुणसूत्राच्या उजव्या टोकाशी. तिथल्या डीएनएचे तुकडे प्रयोगशाळेत साठवलेले असतात, कौलांसारखे एकमेकांवर थोडे चढलेले. एकेक कौल न पळणाऱ्यांत घालून पाहिलं. एका कौलानं त्यांची पिल्लं माझ्यापासून पळू लागली.

मी टाळी वाजवली. कुणी मान वर केली नाही.

घरी सांगायला धावले, तर नवरा तापानं पडलेला. लग्नापासून खंगतच चाललाय तो. सासूबाई गावाहून फोनवर म्हणतात, दगदग.

२२ फेब्रुवारी
न पळणारे माझ्या बाजूच्या कडेला सरळ दोऱ्यासारखे पडलेत. मेलेले. लांब पळालेले सगळे जिवंत. तीच जात, तेच अन्न चष्मिसच्या बशीत, आणि तिचे एकूण एक जिवंत.

बशी घेऊन तिच्याकडे निघाले तर किंचाळली, तिथेच थांब! मग भिंतीला टेकूनच बोलली. मुलाखतीच्या टेबलावर एक बशी होती, दिसली नव्हती? दुसऱ्या कुणासमोर जंत हलले नाहीत, म्हणून तुला घेतलं. पळणारे कोण, न पळणारे कोण, हे निवडायला तुझ्यासारखं कुणीतरी लागतं. तुझ्याआधी एकजण होता.

त्याचं काय झालं?

त्याला काय होणार, म्हणाली. त्याच्या दोन्ही बाजूंच्या टेबलांवरचे गेले.

सरांचं दार आतून बंद. आतूनच म्हणाले, काम उत्तम चाललंय, सोडू नका.

२३ फेब्रुवारी
आई मला जन्म देऊन गेली. सांभाळणारी आजी मी तिचं बोट सोडून चालायच्या आत गेली. वसतिगृहातली सोबतीण तापानं गेली. आजोळी मला पांढऱ्या पायाची म्हणायचे. त्या शब्दाचं नाक कापायला मी विज्ञान शिकले.

जंतांकडे ते जनुक आहे. माणसांकडे नाही. माणसं जवळ येतात.

काल रात्री तो तापात माझा हात धरून झोपला होता.

२४ फेब्रुवारी
घर सोडलं. लॉजवर आहे, पत्ता फक्त सरांना कळवलाय. खरं सांगितलं तर तो ऐकणार नाही, म्हणून फोनवर वाट्टेल ते बोलले. तुझा कंटाळा आला, तुझं खोकणं ऐकवत नाही. तो एवढंच म्हणाला, माझं काय चुकलं ते तरी सांग. फोन बंद केला.

सासूबाई कालच गावाहून आल्यात, त्या त्याच्याजवळ आहेत. बरं आहे.

२६ फेब्रुवारी
शेजारच्या खोलीतले आजोबा खोकू लागलेत. मालकाला म्हटलं, त्यांना हलवा. तो माझ्याकडेच विचित्र बघत राहिला. उद्या मीच जाते — कुठे? जिथे कुणी —

२७ फेब्रुवारी
भर दुपार. तो आलाय. दाराबाहेर. पत्ता सरांनी दिला — त्यांनीच!

आवाज खणखणीत. म्हणतो, तू गेलीस आणि दुसऱ्याच दिवशी ताप उतरला, पोटभर जेवलो, म्हणून न्यायला आलो.

ओरडून सगळं सांगितलं. जंत, बशी, आई, आजी. तो हसला. वेडी आहेस का गं?

जा म्हटलं. पाया पडते म्हटलं. मालकाकडून दुसरी किल्ली आणली त्यानं —

टेबल दाराला लावलंय. सरकतंय. बळ आलंय त्याच्यात —

मी लांबच्या कोपऱ्यात. पाठ भिंतीला. अजून मागे जायला —

हात आत आला. म्हणतो, घाबरू नकोस गं, मी आहे ना, मी तुझ्याजव