सूनबाईची दुपारची झोप

२ मार्च
आले बाई एकदाची मुलाच्या घरी! चिरंजीवांनी जिन्यातच बॅग हिसकावून घेतली. सूनबाईने तिच्या बेकरीतून लिंबाचा केक आणून ठेवला होता. मला स्वतंत्र खोली, मोठी खिडकी, पलंगाच्या बरोबर वर पंखा. हे गेल्यापासून सहा वर्षं एकटीने काढली, आता बोलायला माणसं असतील. शाळेच्या ग्रंथालयातली नोकरी सोडली ते बरंच झालं. पुस्तक हातात आणि त्याचं नाव आठवेना, म्हणजे हद्दच. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पाळी जाताना असं होतं, एकावन्नाव्या वर्षी यात नवल नाही, गोळ्या घ्या, चालायला जा, मनावर घेऊ नका. मनावर घेऊ नका म्हणे! त्यांचं वय असेल पस्तीस.

९ मार्च
घर छान आहे. अंग तेवढं धड नाही. बसल्या जागी छातीतून वाफ उठते, कानशिलं तापतात आणि कपडे पिळून काढावेत इतका घाम. मग लगेच हुडहुडी. रात्री डोळ्याला डोळा नाही.

आणि आमच्या सूनबाई! पहाटेपासून भट्टीपुढे उभ्या, पण कपाळावर घामाचा थेंब नाही. दुपारी येतात, उशीला डोकं टेकतात आणि झोपतात, बस. केस तर मुठीत मावत नाहीत. माझा अर्धा अंबाडा रोज फणीत राहतो. जळफळाट होतो माझा. होतो तर होतो, लिहायला कुणाची चोरी आहे?

पोर वाईट नाही. मूल व्हावं म्हणून दोन वर्षं दवाखान्याच्या पायऱ्या झिजवतेय. मी तोंडाने म्हणते, होईल गं.

१९ मार्च
दुपारी तिच्या खोलीत धुतलेले कपडे ठेवायला गेले. कुशीवर झोपली होती, तोंड अर्धं उघडं, पिठाचा वास. मी खुर्ची ओढून बसले आणि बघत राहिले. इतका राग आला! हळूच म्हटलं, बये, एवढी झोप काय करायचीय तुला? दे की थोडी मला.

२० मार्च
काल रात्री पडले ती ऊन तोंडावर आल्यावर उठले. वर्षभरात अशी झोप नाही. सूनबाई म्हणाली, ती मात्र रात्रभर टक्क जागी होती. मी म्हटलं, दूध पीत जा.

६ एप्रिल
योगायोग म्हणायला माझी हरकत नाही. पण मी रोज दुपारी जाऊन बसते. वाफा थांबल्या. फणीत केस दिसत नाहीत. आज सूनबाई बेकरीतून लवकर आली. भट्टीपुढे जीव घाबरा झाला, घामाने अंग निथळलं म्हणाली. मी तिचं डोकं पुसलं. पुसताना मला बरं वाटत होतं, हे खरं आहे आणि वाईट आहे.

२२ एप्रिल
दिवस गेले तिला! चिरंजीव लहान मुलासारखा रडला. मीही रडले, अगदी मनापासून. आता तिच्या खोलीत पाऊल टाकायचं नाही. नातवंडापेक्षा माझी झोप मोठी नाही.

५ मे
वाफा परत. झोप गेली. घरात मी आहे हे कुणाच्या लक्षात तरी आहे का? तिच्या पायाखाली उशी, तिच्या हातात फळांची बशी, तिला कसं वाटतंय हे दर तासाला विचारायचं. मी घामाने भिजून उंबऱ्यात उभी, तर चिरंजीव म्हणतात, आई, जरा हळू बोल, ती झोपलीय.

८ मे
गेले. बसले. थोडं नाही मागितलं. म्हटलं, सगळंच दे.

१५ मे
सोनोग्राफीत काही नाही. पडलंही नाही, रक्ताचा थेंब नाही. नुसतं नाहीच. तिच्या डॉक्टरीणबाई चक्रावल्यात. म्हणाल्या, या मुलीच्या रक्तातली संप्रेरकं पन्नाशीच्या बाईसारखी आहेत, पाळी बहुतेक पुन्हा येणार नाही. वय एकोणतीस. चिरंजीव भिंतीला टेकून खालीच बसला.

मला सकाळपासून मळमळतंय.

२० जून
सैल गाऊन घालते. चिरंजीव म्हणतो, आईची तब्येत सुधारली. सूनबाई बेकरी सोडून बसलीय. फणी तिच्या केसांनी भरलेली असते. माझ्याकडे बघते आणि —

परत द्यायचं म्हणून आज तिच्या उशाशी गेले. पण ती झोपतच नाही आता. जागीच होती. मला म्हणाली, "आई, काय हवंय तुम्हाला आणखी?"

१४ जुलै
आत हललं. नवरा नाही, पाळी नाही — आणि हलतंय. भीती वाटतेय. तरी हात पोटावरून काढवेना. माझं आहे. पहिल्यांदा तिच्याकडे नाही ते माझ्याकडे —

२ ऑगस्ट
तिला कळलं. स्वयंपाकघरात समोर आली आणि माझ्या पोटावर हात ठेवला. मी हात लावते तेव्हा ते गप्प असतं. तिचा हात लागला तर उसळलं. माझ्या पोटात राहून, माझं रक्त पिऊन — ओळखतं तिला! रात्रंदिवस वाहते मी, आणि लळा तिचा!

९ ऑगस्ट
ती बोलली की वळतं. मी बोलले की दगड.
घर सोडायचं. कुणाला सांगायचं नाही. याला तिचा आवाज ऐकू येणार नाही इतकं लांब.

११ ऑगस्ट
दुपार. बॅग भरली. चिरंजीव कामावर. खोलीचं दार उघडलं तर ती बाहेरच बसलेली — चौकटीला पाठ लावून. अंगाई म्हणतेय. मला नाही. त्याला.

परत आत आले. कडी लावली. आवाज येतोच.

कळा — आत्ता कसल्या, वेळ कुठे झालीय —
खाली नाही ढकलत. पुढे. दाराकडे. कातडीवर आतून पंजा दिसतोय, पाचही बोटं —

तिला म्हटलं गप्प बस. गप्प बस गं, तुझ्या पाया पडते, घे, तुझंच आहे, पण असं नको, असं फाडून —

म्हणतेय, ये बाळा, ये —