जिन्यातली जाहिरात

४ मार्च

चि. भाचेबुवांस,
अनेक आशीर्वाद. पत्र पाहून दचकू नकोस. फोनवर तू ‘हो मामा, हो मामा’ म्हणतोस आणि मागे तुझी बोटं टकटक चालूच असतात. माझे कान अजून शाबूत आहेत. म्हणून कागद घेतला.

पायरीवरून पाय सरकला, मनगट जरा दुखावलं, असं तुझ्या आईने तुला सांगितलं असेल. मनगट मोडलंय. उजवं. ज्या हाताने तुझी आई, माझी आक्का, अख्ख्या इमारतीचे कपडे बेतते, त्या हातात पुन्हा कात्री कधी येईल ते डॉक्टरही सांगत नाही.

परवा संध्याकाळी वीज गेली. आक्का कुणाचा तरी शिवलेला फ्रॉक द्यायला तिसऱ्या मजल्यावरून निघाली. मी खालच्या मजल्यावर, माझ्या घरात, मेणबत्ती शोधत होतो. धप्प आवाज आला. दार उघडून धावलो, तर आधी तिचं कण्हणं नाही, गाणं ऐकू आलं. तिच्या खालच्या पायरीवर फोन पडला होता आणि मजेत गात होता, ‘चप्पल घ्या, चादर घ्या, टिंग टिडिंग’. ते गाणं मी ओळखलं. मागच्या खेपेला जेवताना तूच ताटावर बोटं वाजवून म्हटलं होतंस, आणि छाती फुगवून सांगितलं होतंस की तुमच्या कंपनीच्या टॉर्चच्या अ‍ॅपवर ही जाहिरात बसवणारा तू.

म्हणजे अंधारात माणूस उजेड मागतो आणि तुम्ही त्याला आधी चपला दाखवता!

माझं मागणं एकच. आधी उजेड, मग तुमचा बाजार. साहेबाला सांग. जमत नसेल तर तसं लिही, म्हणजे कुणावर ओरडायचं ते मला कळेल.

घुश्शात असला तरी तुझाच,
मामा


९ मार्च

ती. मामांस,
सा. न. वि. वि. आईला लगेच फोन केला. ती म्हणाली पायरी ओली होती, मामाच्या नादी लागू नकोस. तुम्ही तिखटमीठ लावताय.

मामा, टॉर्च फुकट आहे. फुकट देणाऱ्याने खायचं काय? जाहिरात जेमतेम पाच सेकंदांची. कोपऱ्यात फुली येते, ती दाबली की संपलं. सगळं जग दाबतं. आईनेही दाबायची होती. शिवाय फोनला स्वतःचा टॉर्च असतो, बिनजाहिरातीचा. तो सोडून आमचाच लाव, अशी गळ तिला कुणी घातली नव्हती. साहेबांकडे हे नेलं तर हसतील. त्यातून मला टीमचा प्रमुख करायचं घाटतंय.

आणि रागावू नका, पण हातगाडीला भोंगा बांधून भर दुपारी लोकांच्या खिडक्यांखाली ‘पातेलं घ्या, झाकण फुकट’ असं ओरडत कोण फिरायचं? त्याच भोंग्यावर तुमचं भांड्यांचं दुकान उभं राहिलं. मीही भोंगाच वाजवतो. माझा खिशात मावतो, इतकंच.

आईला जपा. मामींना नमस्कार. राग ओसरला की थोडा लोभ इकडेही धाडा.

आपला भाचा


१५ मार्च

चि. भाचेबुवांस,
आशीर्वाद आहेत, आज मोजकेच.

भोंगा माझाच. शिव्याही खाल्ल्या, एकीने तर वरून बादली ओतली. पण बाईने खिडकी लावली की ती लागायची. तिची कडी मी पाच सेकंद बाहेरून धरून ठेवायचो नाही. आणि पातेलं दाखवायला मी कधी कुणाच्या अंधाऱ्या जिन्यात आडवा उभा राहिलो नाही.

आता तुझी फुली. तुझं पत्र मी आक्काला वाचून दाखवलं आणि विचारलं, का नाही दाबलीस? म्हणाली, आजवर कधीच दाबली नाही. फोनचा स्वतःचा टॉर्च तिला ठाऊक आहे रे! पण हा लेकाचा, तूच तिच्या फोनमध्ये कौतुकाने घालून दिलेला. तो सोडून दुसरा कसा लावायचा? आणि जाहिरात पुरी पाहिली की तुझं नाव होतं, अर्ध्यावर तोडली की तुला बोलणी बसतात, असा तिचा समज. कपाटाखाली गेलेली सुई शोधतानासुद्धा ती आधी चपला-चादरी बघते.

त्या दिवशीही कठडा धरून, तुझी जाहिरात संपायची वाट बघत उभी होती. पडदा पांढराशुभ्र झाला. तिला वाटलं, उजेड आला. पाऊल टाकलं. तो पांढरा त्याच दुकानाच्या दुसऱ्या जाहिरातीचा होता, गाणं तेच.

हे सांग साहेबाला. हसला तर कळव. भोंगा मी अजून टाकलेला नाही.

मामा


२१ मार्च

चि. लेकरास,
तुझ्या आईचे आशीर्वाद. अक्षर मामाचं, शब्द माझे. त्याने मधे दोन शिव्या घुसडल्या होत्या, त्या मी खोडायला लावल्या. वर गिचमिड दिसतेय ती त्याची.

मामाला लिहिलंस की आईने फुली दाबायची होती. म्हणून काल दाबली. डाव्या बोटाने, पहिल्यांदाच. तर चपलांचं दुकान उघडलं. पुन्हा दाबली, पुन्हा दुकान. म्हटलं, डावा हात आहे, चुकत असेल. मामाला दाबायला लावली. त्यालाही दुकानच मिळालं. मग कळलं, ती फुली नाहीच, फुलीचं चित्र आहे. खरी फुली दुसऱ्याच कोपऱ्यात, तिळाएवढी, पांढऱ्यावर पांढरी.

पडल्याचा मला राग नव्हता. माणूस पडतं. पण ही फसवी फुली तुम्हीच बसवायची, आणि वर आईने दाबायची होती म्हणून लिहायचं, याचा आला आहे. मामाचा राग चहाबरोबर उतरतो. माझा तसा नाही, तुला माहीत आहे.

नोकरी सोड म्हणत नाही. साहेबाशी भांड, असंही नाही. तू इथे ये. संध्याकाळी जिन्यातले दिवे मालवू. मामा मेन स्विचपाशी बसायला एका पायावर तयार आहे. माझा फोन तुझ्या हातात देईन. तुझा टॉर्च लावून तू तिसऱ्या मजल्यावरून खाली उतर.

मी खाली उभी असेन. डावा हात धड आहे माझा.

लोभ आहेच. मोडलं ते मनगट.

तुझी आई