काटकुळ्यांची चरबी

७ जानेवारी
आज जिन्यावर हे चढत होते! अधूनमधून थांबायचं, कठड्यावर तळहात आपटायचा, पुन्हा चढायचं. मी शिलाई मशीनवरून उठले, दार उघडलं — भाऊजी. धाकटा दीर. वरच्या मजल्यावरच राहतो. यांना जाऊन वर्ष झालं हे दार उघडल्यावर आठवलं.
"काय वहिनी, भूत बघितलंत?"
हसले. दुसरं काय करणार?

९ जानेवारी
जाऊ झगा उसवायला घेऊन आली, सहज बोलून गेली — भाऊजींची साखर वाढली आहे. यांचीही आधी साखरच वाढली होती. मग कळलं, स्वादुपिंडाचा कर्करोग.

११ जानेवारी
यांच्या आजारपणात वाचलेलं ते आजारांवरचं जाड पुस्तक वाचनालयातून पुन्हा आणलं. स्वादुपिंडात चरबी साठते, बारीक माणसाच्याही. मग मधुमेहाचा धोका वाढतो, सूज येऊ शकते, कधी कर्करोगही. कधी! सगळ्यांना होतो असं नाही. ते वाक्य पुन्हा पुन्हा वाचलं. धीर आला नाही.
लग्नापासून यांच्या पँटी मीच शिवल्या. कमर कधी वाढली नाही. गिऱ्हाइकांना मिरवून सांगायचे, "आमच्या यांना बघा!" टेप बाहेरून फिरते. आतलं तिला काय कळणार?

१५ जानेवारी
भाऊजींना म्हटलं, सोनोग्राफी करून घ्या.
"मला? अहो वहिनी, मला तळायला घेतलं तर तेल विकत आणावं लागेल!"
जाऊ हसली नाही. माझ्यामागून खाली आली. "ताई, राग मानू नका. पण माझ्या नवऱ्यात तुम्ही तुमचा नवरा शोधू नका."
झोंबलं. खरं होतं म्हणून जास्त.

१६ जानेवारी
मशीनवरचं झाकण काढलं नाही.

२० जानेवारी
भाऊजी स्वतःहून आले. "येतो मी. पण आधी तुम्ही झोपायचं त्या टेबलावर, मग मी." नजर जमिनीकडे. म्हणजे इतके दिवस थट्टा नव्हतीच, भीती होती! बिचारा. माझं काय जातंय? हो म्हटलं.

२३ जानेवारी
दोघं उपाशीपोटी गेलो, जाऊही सोबत आली. पोटावर गार मलम, अंधारी खोली. भाऊजींचं स्वादुपिंड स्वच्छ! साखरेचं औषध घ्यायचं, चालायचं, बस्स. बाकावर बसलेली जाऊ माझ्या गळ्यात पडून रडली. मग डोळे पुसत म्हणाली, "आणि ताई, तुमचं?"
"माझं काय, ठीक."

२४ जानेवारी
ठीक नाही. चरबी माझ्यात निघाली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हा काही रोग नव्हे, घाबरू नका. पण खाणं सांभाळा, चाला, तपासत राहा.
घाबरायला हवं होतं. मला बरं वाटलं — यांच्या थोडं जवळ गेल्यासारखं.