लॉग फाइलच्या चौकशीचा सकाळचा फोन

प्रति,
मा. विभागीय संगणक अधिकारी,
धान खरेदी नोंदणी कक्ष, गडचिरोली.

विषय : सर्व्हरच्या लॉग फाइलची स्थिती माणसाने फोनवर विचारण्याची जुनी पद्धत पुन्हा सुरू करणेबाबत.
संदर्भ : आपले स्वयंचलित देखरेखीचे परिपत्रक.

महोदय,

सविनय सादर करतो की, मी आंबेटोला उपकेंद्रावर एकटाच ऑपरेटर आहे. धान खरेदीची प्रत्येक नोंद सर्व्हर आधी लॉग फाइलमध्ये लिहितो. ती फाइल काठोकाठ भरली की नोंदणी बंद पडते आणि काट्यावर धान घेऊन आलेली माणसे ताटकळतात. म्हणून ती किती भरली हे रोज पाहणे व वेळेत तिची प्रत काढून जागा मोकळी करणे, हे माझे काम.

२. परिपत्रकापूर्वी ही स्थिती आपल्या कक्षातील रंजीताबाई रोज सकाळी फोनवर विचारीत. टक्केवारी लिहून झाली की, "जेवन झालं का भाऊ? भाजी काय केली?" असेही विचारीत. सदर प्रश्न विहित नमुन्यात नव्हते, हे मान्य आहे. तरी त्यांच्या धाकाने मी भाजी करीत असे. आता स्थिती यंत्रच परस्पर कळवते आणि मी नुसता भात खातो.

३. नवीन प्रणालीविषयी तक्रार नाही. मागील महिन्यात मी मलेरियाने सर्व्हरच्या खोलीत निपचित पडलो असता, तिने स्वतःच प्रती काढल्या व आपणांस रोज 'स्थिती उत्तम' असे कळवले. ते खरेच होते, फाइलमध्ये जागा भरपूर होती. असे लिहिल्याने माझे पदच अनावश्यक ठरू शकते, याची जाणीव आहे. अखेर हरवलेली शेळी शोधत आलेल्या सुकलूने मला दवाखान्यात पोचवले. शेळी हरवली नसती तर काय झाले असते, या विचाराने मला अजूनही झोप लागत नाही. रंजीताबाईंनी पहिल्याच दिवशी, "आवाज काऊन असा येऊन राह्यला?" म्हणून मला दवाखान्यात धाडल्याशिवाय फोन ठेवला नसता.

४. इथे दिवसदिवस मला कोणी नावाने हाक मारीत नाही. तरी सदर फोन पुन्हा सुरू व्हावा, ही विनंती. रंजीताबाईंची बदली झाली असल्यास दुसरे कोणीही चालेल. लॉग फाइलचे न विचारल्यासही हरकत नाही. फक्त मी फोन उचलला नाही, तर कोणाला तरी पाहायला पाठवावे.

आपल्या फोनची वाट पाहणारा,
आपला नम्र,
प्रणित गेडाम
ऑपरेटर, आंबेटोला उपकेंद्र
दि. १२ डिसेंबर २०२४

सोबत : रक्ततपासणीच्या अहवालाची छायाप्रत.